शमुवेल काकांच्या घरची सभा

नगर सोडलं त्या दिवशी मी चुकीच्या जागी 'आमेन' म्हणालो.

दारात मुंबईला नेणारी जीप उभी होती. ड्रायव्हरचा दोनदा हॉर्न वाजवून झाला होता आणि वडील अंगणात माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करत होते. वडील शाळामास्तर. त्यांची प्रार्थना आदामापासून निघायची आणि जिल्हा परिषदेला वळसा घालून आमच्या घरापर्यंत यायची. त्या दिवशी ती विमानाच्या पायलटपर्यंत पोचली आणि वडील थांबले. मला वाटलं, संपली. मी मोठ्यानं आमेन म्हणालो, माझ्यामागून सगळी आळी आमेन म्हणाली. खरं तर त्यांचा गळा दाटून आला होता. पण इतक्या लोकांनी एकदा आमेन म्हटल्यावर माणूस परत मागे कसा जाणार? त्यांनी चष्मा काढला, धोतराला पुसला आणि म्हणाले, "जा आता. तिकडं तरी दुसऱ्याचं पुरं होऊ देत जा."

याला सव्वीस वर्षं झाली. केस गेले, पोट आलं, अमेरिकेत नेपरव्हिलला घर आलं, मुलगी कॉलेजात गेली. आमची मराठी मंडळी म्हणजे चौदा कुटुंबं. बहुतेक नगरची, दोन नाशिकची, आणि एक वसईचं, जे सकाळी आपल्या कॅथलिक चर्चला जातं आणि दुपारी निव्वळ मराठी गाण्यांसाठी आमच्याकडे येतं. एका अमेरिकन चर्चनं आम्हाला त्यांचा बेसमेंटचा हॉल रविवारी तीन वाजता वापरायला दिलेला. पाळकसाहेब ॲन आर्बरला राहतात, महिन्यातून एक रविवार ड्राइव्ह करून येतात. बाकीचे रविवार आम्हीच निभावतो. मी सेक्रेटरी. माझ्या आध्यात्मिक उंचीमुळे नव्हे, मला एक्सेल येतं म्हणून.

तुम्ही तिकडचे लोक फोनवर विचारता, "बर्फात उपासना कशी करता रे?" आणि मी नेहमी काहीतरी गमतीचं सांगून वेळ मारून नेतो. या वर्षीचं मात्र तसं सांगता येणार नाही, म्हणून लिहायला बसलो आहे. माझ्यासारखे जे निघून आले, त्यांनीही वाचावं.

जानेवारीत अशी थंडी पडली की हॉलमधला पाण्याचा पाइप फुटला. कार्पेट गेलं, पियानो गेला, भिंतीतून पाणी झिरपून पुन्हा गोठलं. चर्चच्या लोकांनी फार वाईट वाटून कळवलं की ईस्टरपर्यंत हॉल बंद. आमची मीटिंग झाली. आणि मी, सेक्रेटरीनं, छाती फुगवून सुचवलं, "घरसभा करू या. नगरला लेंटमध्ये करायचो तशा."

इथं वाढलेल्या मुलांना ते समजावून सांगावं लागलं. ईस्टरच्या आधीचे उपवासाचे चाळीस दिवस, त्यातल्या प्रत्येक संध्याकाळी वेगळ्या घरी प्रार्थना. चर्चच्या दाराला यादी लागायची. ज्याच्या घरी पाळी, तो आदल्या दिवशी चटया मागून आणायचा, दिव्याची काच घासायचा. आमचं घर दोन खोल्यांचं, पण आई कधी घाबरली नाही. "दाटीनं बसतील, पाय दुखले तर उठतील," एवढंच म्हणायची. घर केवढं आहे याच्याशी यादीचा संबंध नसायचा. सगळी घरं असायची.

मी लेंटची वाट न बघता लगेचच्या रविवारपासून ईस्टरपर्यंतची यादी केली. सुंदर केली. घर, माणसं किती मावतील, पार्किंग, शेरा, असे चार कॉलम. चौदा कुटुंबांपैकी तेरा घरं त्यात होती. चौदावं शमुवेल काकांचं.

काका एक्क्याऐंशीचे. मुलगा रूबेन इथं नोकरीला होता तेव्हा ते आणि राहेल काकू त्याच्याकडे आले. काकू इथंच गेल्या, इथंच त्यांना पुरलं. नंतर रूबेनला ह्यूस्टनला नोकरी लागली, तो म्हणाला चला. काका म्हणाले, हिला सोडून कुठं येऊ? ते एका जुन्या अपार्टमेंटमध्ये एकटे राहू लागले. दुसरा मजला, बाहेरून लाकडी जिना, खाली दोन गाड्यांपुरती जागा. काकांच्या नावापुढे मी शेरा लिहिला होता, 'जिना, बर्फ, पार्किंग नाही.' आणि मग ती ओळच काढून टाकली. मनात म्हटलं, म्हाताऱ्या माणसाला कशाला त्रास.

पहिली सभा आमच्या घरी झाली. मी यादीच्या प्रती वाटल्या. काकांनी चष्मा लावला, बोट ठेवून वरपासून खालपर्यंत यादी वाचली, मग पुन्हा वरपासून. घडी घातली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

"चांगली केलीस यादी," म्हणाले.

मी खूश. बायको, सुनंदा, तेवढ्यात काहीतरी पुटपुटली. मी लक्ष दिलं नाही. दोन दिवसांनी काकांचा फोन आला.

"प्रकाश, मंडळीचं माझ्यावर काही आहे का रे?"

"म्हणजे काय, काका?"

"माझ्याकडून काही चुकलं असेल तर सांग. मी उभा राहून सगळ्यांसमोर माफी मागेन. लाजणार नाही."

मी हसलो. हो, हसलो. म्हटलं, "काका, अहो जिना! बर्फ! तुम्हाला उगाच धावपळ नको म्हणून."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी पन्नाशी ओलांडेपर्यंत कुणाकडून ऐकलं नव्हतं. त्यांचे वडील हलगी वाजवायचे. एकदा गावच्या जत्रेत तमाशाला वाजवायला गेले. मंडळीनं त्यांना शिस्तीखाली घेतलं, प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधली पवित्र भाकर आणि द्राक्षरस, बंद केलं, आणि त्या वर्षी लेंटच्या यादीत त्यांचं घर आलं नाही. काका तेव्हा आठ वर्षांचे. "शेजारी सभा होती त्या दिवशीही आईनं घर सारवलं," काका म्हणाले. "म्हणाली, न जाणो, चुकून कुणी आलं तर. आम्ही आत बसून पलीकडची गाणी म्हणत होतो, हळू आवाजात. पुढल्या वर्षी यादीत नाव आलं. पण ते एक वर्ष माझ्या बापाच्या तोंडावरून कधी गेलं नाही."

फोन ठेवला तर सुनंदा समोरच उभी. ती मला एरवी 'अहो' म्हणते, संतापली की पदवी देते.

"सेक्रेटरीसाहेब, मी त्या दिवशी तेच म्हणत होते. तेरा घरं कशी झाली?"

"त्यांच्याच भल्यासाठी ना."

"त्यांचं भलं त्यांना विचारून करायचं असतं."

मी यादी बदलली. भस्म-बुधवारच्या आधीचा रविवार काकांना दिला. लेंट सुरू होण्याआधीची शेवटची सभा, मानाची. काकांना सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज एकदम तरुण झाला. "तीस माणसं धरू ना? मुलंबाळं पण आण. जागेचं मी बघतो." त्यानंतर रोज एक फोन. खुर्च्या मिळतील का. चहात आलं की वेलची. पाळकसाहेब नाहीत तर वचन कोण वाचणार. एकदा तर फक्त एवढंच विचारायला की, "नक्की आहे ना?"

"नक्की, काका."

त्या रविवारी पहाटेपासून बर्फ नव्हे, गोठणारा पाऊस पडत होता. ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगतो: बर्फ बरा. हा पाऊस पडतो पाण्यासारखा आणि टेकतो तिथं काच होतो. झाडं, तारा, रस्ते, सगळ्यावर काच. दहा वाजता आम्ही तिघाचौघांनी फोनवर ठरवलं, घरसभा कॅन्सल, झूमवर घेऊ. मी कागदावर कामं लिहिली. एक, ग्रुपवर मेसेज. दोन, लिंक. तीन, काकांना फोन, कारण काका व्हॉट्सॲप बघत नाहीत. पहिली दोन केली. तिसऱ्यासाठी फोन लावला तर एंगेज. म्हटलं, दहा मिनिटांनी करू. मग लिंक चालेना, मुलीला उठवलं, तिनं ती सरळ केली, मग कुणाला पासवर्ड मिळेना, मग जेवण. खोटं कशाला सांगू? दहा मिनिटांनी करायचं ते राहून गेलं. पन्नास लोकांना पन्नास वेळा 'म्यूट करा' सांगणारा मी, एका माणसाला एक फोन करायचा विसरलो.

तीनला सगळे चौकोनात आले. झूमवर एकत्र गाता येत नाही हे कोविडमध्ये कळलंच होतं, प्रत्येकाचा आवाज आपापल्या वेळेनं येतो. म्हणून सगळ्यांनी म्यूट करून आपापल्या किचनमध्ये एकेकट्यानं गायचं. मी भक्तिभावानं दुसरं कडवं घेतलं तर वरून मुलगी ओरडली, "डॅड, तू म्यूटवर नाहीयेस! एव्हरीवन कॅन हिअर यू!" चौकोनांतून लोक तोंड दाबून हसताना दिसले. मीही हसलो.

सुनंदा हसत नव्हती. ती एकेक चौकोन बघत होती.

"अहो, काका कुठं आहेत?"

मी उठून फोन लावला. बऱ्याच रिंगांनंतर एका बाईनं उचलला. खालच्या मजल्यावरची रोसा. तिचं इंग्रजी मोडकं, माझं त्या क्षणी त्याहून मोडकं. ती कामावरून परतली तेव्हा काका जिन्याच्या पायथ्याशी पडलेले होते. किती वेळ, ठाऊक नाही. ॲम्ब्युलन्स घेऊन गेली. वर शेगडीवर चहा उकळत होता, तो तिनं बंद केला.

एरवी पंधरा मिनिटांचा रस्ता, तासभर लागला. गाडी मी चालवत होतो असं म्हणता येणार नाही, ती घसरत होती आणि मी धरून बसलो होतो. रोसा दारातच उभी होती, अंगाभोवती ब्लँकेट. म्हणाली, सकाळी ती कामावर निघताना काका तिला सांगत होते, आज माझी माणसं येणार आहेत.

जिन्यावर वरपासून मीठ टाकलेलं होतं. रस्त्यावर टाकायचं जाड मीठ नव्हे, घरातलं, जेवणातलं. प्रत्येक पायरीवर नीट, कडेपर्यंत, रांगोळी घालावी तसं. आम्ही घसरू नये म्हणून. खालच्या चार पायऱ्यांवर नव्हतं. मिठाचा रिकामा डबा खाली झुडपात पडला होता.

वर गेलो. हीटर इतका वाढवलेला की चष्म्यावर वाफ आली. अपार्टमेंटच्या ऑफिसातून मागून आणलेल्या घडीच्या नऊ खुर्च्या भिंतीला लावल्या होत्या, मध्ये चादरी अंथरल्या होत्या, मुलांसाठी कोपऱ्यात उशा. गीतांच्या पुस्तकात कागदाच्या चिठ्ठ्या घालून ठेवलेल्या. टेबलावर कप, काही काचेचे, काही कागदाचे, आणि राहेल काकूंचा फोटो लोकांकडे तोंड करून. दाराशी चपला काढण्यासाठी जुनी वर्तमानपत्रं पसरली होती. त्यांवर दोनच जोड पडले, माझा आणि सुनंदाचा. ती चादरीवर बसली. मला बसवेना. थोड्या वेळानं तिनं उठून चहा सिंकमध्ये ओतून दिला आणि पातेलं घासलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. सोमवारी ऑपरेशन झालं, रूबेन ह्यूस्टनहून आला. डॉक्टरांनी त्याला स्पष्ट सांगितलं, हे पुन्हा जिना चढणार नाहीत. एकटे राहणं तर सोडाच.

बुधवारी राखेचा दिवस. गेल्या वर्षी ईस्टरच्या आधीच्या रविवारी मिरवलेल्या झावळ्या जाळून त्यांची राख कपाळावर लावतात, आपण माती आहोत याची आठवण म्हणून. नगरला आमच्यात ही पद्धत नव्हती, ती वसईकरांची. इथं आल्यावर आम्हीही घेतली. हॉल बंद, रस्ते वाईट, म्हणून त्या अमेरिकन चर्चच्या बाईपाळक पार्किंग लॉटमध्ये उभ्या राहिल्या होत्या. पायघोळ पार्का कोट, कानटोपी, एका हाताचा ग्लोव्ह काढलेला. गाड्यांची रांग. काच खाली करायची, डोकं बाहेर काढायचं, त्या अंगठ्यानं राख लावणार, पुढची गाडी. वारा असा की राखेत कालवलेलं तेल गोठलेलं, त्यांचा अंगठा लाल. त्यांनी मला माती असल्याचं सांगितलं आणि मी सवयीनं म्हणालो, "थँक यू, यू टू." सुनंदानं डोळे मिटून घेतले. काकांचं कळल्यावर बाईंनी छोट्या डबीत थोडी राख दिली.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये रूबेननं मला गाठलं. दोन दिवस झोपला नसावा.

"प्रकाशदादा, डॅडी ह्यूस्टनला यायला तयार नाहीत. म्हणतात, घरची सभा व्हायची राहिली असेल तर मी इथून हलणार नाही. बरा होऊन जिना चढेन, सभा घेईन, मग बघू. ते चढणार नाहीयेत, दादा. आणि मी नोकरी सोडून इथं राहू शकत नाही."

"मग?"

"झाली म्हणून सांगा ना. प्लीज. पडल्यापासूनचं त्यांना धड आठवत नाहीये. तुम्ही सांगितलंत तर पटेल. तुम्ही सेक्रेटरी आहात."

आत गेलो. काका एवढेसे झाले होते. सुनंदानं डबी उघडून त्यांच्या कपाळावर राख लावली, त्यांनी ती डोळे मिटून घेतली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "प्रकाश, मला सांग. सभा झाली का?"

कपाळावर राख घेऊन मी उभा होतो.

"झाली, काका."

"दार कुणी उघडलं?"

"उघडंच होतं." हे खरं होतं.

"सगळे आले?"

"सगळे."

"जिन्यावर कुणी घसरलं नाही ना? खालच्या चार पायऱ्या राहिल्या होत्या माझ्या. मीठ संपलं."

"नाही, काका. कुणी नाही घसरलं."

"चहा घेतला?"

"घेतला."

त्यांनी उशीवर डोकं टेकलं. किती वर्षांचं काही उतरलं असावं, तोंड इतकं मोकळं झालं. "मग झालं," म्हणाले. आणि रूबेनला म्हणाले, "काढ तिकीट." मग माझा हात धरून, "राहेलच्या दगडावर बर्फ साचतो रे. आडवा दगड आहे ना, नाव झाकून जातं. जाता-येता हात फिरवत जा." त्यांनी मला आशीर्वाद दिला. लांबलचक. मी शेवटपर्यंत डोळे मिटून उभा राहिलो.

ते आता ह्यूस्टनला आहेत. तिथं बर्फ नाही. तिथं मराठी मंडळी आहे की नाही, ठाऊक नाही. अपार्टमेंट रिकामं केलं, नऊ खुर्च्या ऑफिसला परत दिल्या. या लेंटमध्ये बाकीच्या घरी सभा होत आहेत, यादी तशीच चालू आहे. तुम्ही विचाराल, एवढ्या वर्षांनी घर कशाला म्हणतोस? पूर्वी मी म्हणायचो नगर, मग काही वर्षं म्हणायचो नेपरव्हिल, आणि मधली काही वर्षं मोठ्या तोऱ्यात, दोन्ही. आता वाटतं, जिथं आपण कुणीतरी येणार म्हणून चादर अंथरतो, ते घर. काकांनी ते अंथरलं होतं. ते त्यांचं मोडलं, आणि मोडताना मी त्यांना ते मोडत असल्याचंही कळू दिलं नाही. दुसरं काय करायला हवं होतं, हे मला आजही सांगता येत नाही.

त्या दिवशी हॉस्पिटलमधून परतताना मी गाडीत वाट बघत होतो, सुनंदा आता काय पदवी देते याची. आमच्या ड्राइव्हवेमध्ये गाडी उभी केली, इंजिन बंद केलं, तरी ती पट्टा काढेना.

"रूबेनसाठी केलंत, मला कळतंय," ती म्हणाली. "मीही कदाचित तेच केलं असतं. पण अहो, कधी माझ्यावर अशी वेळ आली आणि मी विचारलं, तर मला खरं सांगा. कुणी आलं नसेल, तर नाही आलं म्हणा."